एकही हप्ता बुडवला नाही

मंदाकिनी मॅडमनी कागद उलटा फिरवून दर्शनाच्या पुढ्यात सरकवला आणि पेनाच्या टोपणाने एकेका चौकोनावर टिचकी मारायला सुरुवात केली.

"हा जून. हा जुलै. ऑगस्ट जरा बरा दिसतोय, पण सप्टेंबर पुन्हा तसाच. या चौकोनांतले आकडे कळतात ना तुला? देय तारखेनंतर किती दिवसांनी पैसे जमा झाले, ते आहे हे."

दर्शनाला कळत होतं. परीक्षेसाठी तिने हे सगळं घोकलं होतं. हप्ता थकला म्हणजे काय, कर्ज अनुत्पादक केव्हा ठरतं, थकबाकीचे प्रकार किती. मोहन्याच्या विहारातल्या अभ्यासिकेत कानात बोटं घालून पाठ केलेल्या व्याख्या होत्या त्या. पाठ करताना तिला वाटायचं, ही सगळी मोठ्या लोकांची लफडी. कारखानदारांची, बिल्डरांची. एका फ्रिजपायी त्या व्याख्या आपल्या नावासमोर लाल चौकोन होऊन बसतील असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पण मॅडम, लोन क्लोज झालंय. खाली लिहिलंय बघा."

"बघितलं मी. कर्ज बंद आहे. पण इतिहास बंद होत नाही." मॅडम चिडून बोलत नव्हत्या. बँकेच्या ठाण्यातल्या त्या क्षेत्रीय कार्यालयात नव्या पोरापोरींची कागदपत्रं तपासता तपासता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि कुणाला नाही म्हणायचं असलं की त्यांचा आवाज आणखी मऊ व्हायचा. "जाहिरातीत अट होती. सिबिल समाधानकारक हवं. तुझा स्कोअर अटीच्या खाली आहे. रिपोर्टमध्ये चूक असेल तर दुरुस्ती करून आण, किंवा तक्रार केल्याची पोच तरी आण. सोमवारी मला फाईल वर पाठवायची आहे."

"चूक नसेल तर?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

दार ढकलून जगन आत आला तो न विचारताच. बाहेर बाकड्यावर बसून त्याने काचेतून लेकीचा चेहरा बघितला असावा. अंगात वॉचमनची निळी पँट, वर पांढरा इस्त्रीचा शर्ट. हातातली प्लास्टिकची पिशवी त्याने टेबलावर ठेवली, तिचं रबर काढलं आणि आतला पावत्यांचा गठ्ठा बाहेर काढला.

"मॅडम, मी हिचा बाप. एकही हप्ता बुडवला नाही आपण. सगळ्या पावत्या आहेत. मोजून घ्या."

"बुडवला असं मी म्हणतच नाही, भाऊ. उशिरा भरलेत, एवढंच यात लिहिलंय."

"उशिराचा दंड भरलाय ना. दर वेळी भरलाय. मग फिटलं ना?"

मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला.

"कर्ज फिटलं. उशीर फिटत नाही."

जगनने पावत्या पुन्हा एकावर एक रचल्या. कडा जुळवल्या. रबर घातलं. 

*

फ्रिज चैनीसाठी आणला नव्हता. दर्शनाच्या आईला, रमाबाईला, साखरेचा आजार जडला आणि डॉक्टरने इन्सुलिनच्या बाटल्या लिहून दिल्या. त्या ठेवायच्या गार जागी. शेजारच्या समृद्धीच्या आईकडे फ्रिज होता. तिने हसत जागा दिली आणि महिनाभराने हसतच म्हणाली, "वहिनी, तुमच्या बाटल्या आमच्या कोथिंबिरीत येतात हो. मुलं बिचकतात." रमाबाई बाटल्या पदरात बांधून घरी घेऊन आली. मग माठाच्या बुडाशी ठेव, ओल्या फडक्यात गुंडाळ, असं चाललं. एक बाटली नासली तेव्हा जगनने जेवता जेवता ताट बाजूला सारलं आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने त्याला नखशिखांत बघितलं.

"काका, तुमची सॅलरी स्लिप?"

जगनला पगार पाकिटात मिळायचा. आधी तो मोहन्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे होता. तो ठेकेदार कामगारांचा फंड घेऊन एका रात्रीत गायब झाला, तेव्हा त्याचा स्कोअर कुणी काढला नाही. आता जगन खोपटला एसटी डेपोच्या मागे एका गोदामावर वॉचमन होता. तिथेही पाकीटच.

"मग तुमच्या नावावर नाही होणार. पोरगी कामाला आहे ना? तिचं आधार आणा. तिचा फोटो, तिची सही. हप्ता तुम्हीच भरा, आम्हाला काय!"

दर्शना तेव्हा कल्याणच्या एका मॉलमध्ये बिलिंगला होती. तिने जेवणाच्या सुट्टीत येऊन सही केली आणि पळत परत गेली. पुढे दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली आणि बँकेच्या परीक्षेला बसली. सोडायला जगननेच सांगितलं होतं. "तू फक्त शीक. घराचं मी बघतो."

पगाराचं खातं रिकामं पडलं. त्यातून परस्पर निघून जायचा तो हप्ता बाउन्स झाला. तिसऱ्या दिवशी दारात फायनान्स कंपनीचा वसुलीवाला बंटी उभा राहिला. कोपरात हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र.

"जय भीम, काका. हप्त्याचं आलेलो."

रमाबाईने चहा टाकला. बंटी गुळगुळीत बोलायचा. त्याच्या आईलाही साखर होती. "काका, बँकेत टाकायच्या भानगडीत पडूच नका. तिकडे स्लिप भरा, लाइन लावा, तुमची ड्युटी बुडणार. मी येतो ना महिन्याला. घरचा समजा मला."

जगनला ते पटलं. त्याच्या जन्मात पैसे घेणारा माणूस दारातच आला होता. दूधवाला दारात येतो, केबलवाला येतो, भिशीची बाई येते, जयंतीची वर्गणी घ्यायला पोरं येतात. माणूस येतो, बसतो, पैसे मोजतो, पावती फाडतो. याला व्यवहार म्हणतात. कुणी आलंही नाही आणि खात्यातून पैसे आपले आपण निघून गेले, हे जगनला घरफोडीसारखं वाटायचं. बंटी हप्त्याच्या वर थोडे जास्त घ्यायचा. ते त्याच्या पेट्रोलचे, अशी तेव्हा जगनची समजूत; ते दंडाचे, हे पुढे पावत्यांवरून कळलं. बिचारा उन्हातान्हाचा कल्याणवरून येतो. कधी एखादा महिना बंटी यायचाच नाही आणि पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम घेऊन जायचा. तोवर जगन पैसे डब्यात वेगळे काढून ठेवायचा. त्यातला एक रुपयाही इकडचा तिकडे व्हायचा नाही. रमाबाईला ताप आला तरी नाही.

डब्यात पैसे तयार असायचे आणि ठाण्याच्या कुठल्याशा कॉम्प्युटरात दर्शनाच्या नावावर एक एक चौकोन लाल होत जायचा.

*

बंटी सापडला मोहन्याच्या नाक्यावर, वडापावच्या गाडीपाशी. वसुली त्याने सोडली होती. आता पाठीला पार्सलची मोठी पिशवी लावून हिंडत होता. जगनला बघून त्याने तोंडातला घास घाईने गिळला.

"काका! काय, काकी कशी आहे? ताई, ऐकलं मी, बँकेत लागलीस. पार्टी पाहिजे हां."

दर्शनाने त्याच्यासमोर रिपोर्ट उघडलेला मोबाइल धरला. त्याने बोटाने वर-खाली करून बघितलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"ताई, हे सगळ्यांचंच होतं."

"तुला माहीत होतं का, ते विचारतेय मी. पप्पांनी खात्यात टाकले असते तर हे झालं असतं का?"

बंटीने कागदाला हात पुसले. दोनदा पुसले.

"नसतं झालं."

"मग का सांगितलंस टाकू नका म्हणून?"

"मला कमिशन बाउन्सवर होतं ना. खात्यातून डायरेक्ट कटला तर मला काय भेटणार? घंटा?" मग तो जगनकडे वळला. "काका, आईशप्पथ, मला नव्हतं वाटलं एवढं होईल. फ्रिजवाल्यांचं कोण बघतंय, असं वाटलं. पोरगी बँकेत जाणार हे कुठे ठाऊक होतं?"

जगन इतका वेळ गाडीवरच्या तेलाच्या कढईकडे बघत होता.

"तू घरचा होतास रे," तो म्हणाला.

"घरचाच आहे काका. म्हणून तर कधी शिवी नाय दिली तुम्हाला. बाकीच्यांना आईबहिणीवरून दिल्यात."

हे तो इतक्या खरेपणाने बोलला की दर्शनाचा उचललेला हात खाली आला. बंटीने तिला लिहून द्यायची तयारी दाखवली. पण लिहून देणार काय? पैसे उशिरा आले, हे तर खरंच होतं. कंपनीच्या फोनवरची बाईही सकाळी तेच म्हणाली होती. मॅडम, रेकॉर्ड करेक्ट आहे. आमच्याकडून काही चुकलेलं नाही. आणि तिचंही बरोबर होतं. इथे प्रत्येकाचं बरोबर होतं. चूक कुठे सापडतच नव्हती, आणि चूक सापडल्याशिवाय दुरुस्ती नव्हती.

*

खोपटच्या खांबाखांबावर एक फलक लावलेला होता. 'सिबिल खराब? घाबरू नका.' खाली नंबर. जगन वर्षभर रोज त्याच्याखालून ड्युटीला जात होता आणि त्याला वाटायचं, हे कुठल्या तरी रोगाचं औषध असावं.

ऑफिस टेंभी नाक्याजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर. जिना अरुंद. सौमित्र नावाचा माणूस, तिशीचा, हातात तांब्याचं कडं. त्याने रिपोर्ट खालीपर्यंत वाचला. वाचायची पद्धत डॉक्टरची.

"ताई, चुकीचं असेल तर मी काढून देतो. ते माझं काम. हे तर बरोबर आहे. बरोबर असलेलं कसं काढणार?"

"मग फलक कशाला लावलाय?" दर्शना म्हणाली.

तो हसला. त्याला राग येत नसावा.

"एक वाट आहे. हे लोन तुम्ही घेतलंच नाही."

"घेतलंय."

"अहो, ऐका तर. तुमचं आधार कुणीतरी वापरलं. तुम्हाला न विचारता. सही कुणीतरी ठोकली. घरातच होतं असं. माझ्याकडे रोज येतात. नवऱ्याने बायकोचं वापरलं, दिराने वहिनीचं. पोलिसांत तक्रार द्यायची, शिक्क्याची पोच घ्यायची. ती पोच फायनान्सवाल्यांना, एक कॉपी बँकेला. मॅडम म्हणाल्या ना, पोच आणा? पोच लागली की फाईल रिजेक्ट नाही करत. थांबवतात."

"थांबवतात म्हणजे नोकरी मिळते?"

"थांबवतात म्हणजे थांबवतात. पुढचं मी कसं सांगू?"

"तक्रार कुणावर?"

सौमित्रने टेबलावरचा स्टेपलर उगाच सरळ केला. दर्शनाला उत्तर कळलं होतं आणि तरी तिने विचारलं होतं. का विचारलं, हे तिला पुढेही कधी स्वतःला सांगता आलं नाही.

"माझ्यावर," जगन म्हणाला. दुकानात अर्धा किलो साखर मागावी तसा. "अजून कुणावर टाकणार? लिहा तुम्ही मजकूर."

"पप्पा, काय बोलताय?"

"तू गप्प बस. लिहा साहेब. कसं लिहायचं असतं ते."

सौमित्रचा मजकूर कॉम्प्युटरात तयारच होता. त्याने फक्त नावं बदलली. प्रिंटरमधून कागद गरम बाहेर आला.

*

घरी रमाबाईने फ्रिज रिकामा करायला घेतला होता. बर्फाचे साचे, कोथिंबीर, ताकाचं भांडं, सगळं जमिनीवर. कुणी तिला सांगितलं होतं कुणास ठाऊक. फ्रिजचं बहुतेक बंटीने फोनवर सांगितलं असावं, घरचाच तो; तक्रारीचं जगनने वाटेतून कळवलं होतं.

"न्या हा इथून. भंगारात द्या. मला नको हे थडगं घरात."

"देऊन काय होणार आहे आई?"

"मग काय केल्यावर होणार आहे? बाप चोर आहे म्हणून सही केल्यावर?" रमाबाई इन्सुलिनची पेटी मुठीत धरून उभी होती. "ह्यांच्या एजन्सीला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं दर वर्षी. नाव गेलं ना पोलीस ठाण्यात, तर त्या गोदामाच्या फाटकावर पण उभं करणार नाही कुणी. ठाऊक आहे का तुला?"

"बघू ते," जगन म्हणाला. तो बूट काढत होता.

"काय बघू? त्या वेळी पण असंच. बघतो म्हणालात ना घराचं!"

दर्शनाने ओढणी खुंटीवर फेकली. दिवसभर गिळलेलं सगळं वर आलं.

"कुणी सांगितलेलं तुम्हाला माणसाच्या हातात पैसे द्यायला? एक फोन करायचा होता. बँकेत एकदा विचारायचं होतं. चहा पाजत बसलात! अडाणी ते अडाणीच राहणार तुम्ही."

जगनने दुसरा बूट काढला. मोजा त्यात कोंबला. मग तिच्याकडे बघितलं. त्याला टोचून बोलायचं नव्हतं. त्याला ते जमायचंही नाही.

"तू होतीस की इथेच. त्या कोपऱ्यात. अभ्यास करत."

ती तिथेच होती. बंटी यायचा, बशीत चहा ओतून प्यायचा, पावती फाटल्याचा आवाज यायचा. आणि ती पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, "आई, बंटीला बिस्किट दे गं." समोर पान उघडं असायचं. थकबाकीचे प्रकार.

त्या संध्याकाळी त्या घरात जमिनीवर पाणी साचत गेलं आणि ते कुणी पुसलं नाही.

*

शनिवारी सकाळी चौकीत एकच हवालदार होता. एका बोटाने टाइप करत होता. दर्शनाने कागद पुढे केला.

"तक्रारदार कोण?"

"मी."

"आणि तुम्ही?"

"आरोपी," जगन म्हणाला.

हवालदाराचं बोट हवेत राहिलं.

"काय?"

"माझ्यावरच तक्रार आहे साहेब. मी हिचा बाप."

"आरोपीला सोबत घेऊन आलीस? वा! आमची गाडी वाचली. रिक्षाचे पैसे कुणी दिले?"

"चालत आलो," जगन म्हणाला.

हवालदार मनापासून हसला आणि त्यांना बसायला सांगितलं. कागद वाचता वाचता त्याचं हसू ओसरत गेलं. संमतीशिवाय, गैरवापर, बनावट सही, मानसिक त्रास. सौमित्रने काहीच सोडलं नव्हतं.

"फ्रिज कुठाय आता?"

"घरी," दर्शना म्हणाली.

"त्यातलं पाणी पितेस?"

तिची मान आपोआप हलली.

"पितेस. बरं. आणि हप्ते? हप्त्यांचं काय झालं?"

हप्ता हा शब्द ऐकला आणि जगनचा हात सवयीने पिशवीकडे गेला. त्याने ती आज कशाला आणली होती, त्यालाच ठाऊक. टेबलावर ठेवली, रबर काढलं, गठ्ठा पुढे केला. मग त्याला कळलं आपण काय केलं ते, पण तोवर हवालदाराने पावत्या उलगडायला घेतल्या होत्या. एक बघितली, दुसरी बघितली, मग पत्ते पिसावेत तशा झरझर.

"हे तर सगळे भरलेत."

हवालदार खुर्चीत मागे रेलला.

"एवढी नोकरी झाली माझी. फ्रिज उचलून नेणारा बघितला. दुसऱ्याच्या नावावर घेऊन गावी पळालेला बघितला. हप्ते भरणारा चोर आजच बघतोय." त्याने गठ्ठा जगनच्या पुढ्यात ढकलला. "कुणाची फसवणूक झाली यात? कंपनीला पैसे भेटले, तुम्हाला गार पाणी भेटलं. मी लिहू काय? जा पोरी. घरात भांडण झालं असेल तर घरात मिटवा. ह्या एजंट लोकांच्या नादी लागू नका."

दर्शना उठली.  सुटलो, असं वाटलं. पायरीपर्यंतच टिकेल एवढं ते सुटणं होतं. पायरीच्या पलीकडे सोमवार होता.

जगन उठला नाही. त्याने पावत्यांचा गठ्ठा टेबलावरून ओढून मांडीवर घेतला आणि वर हात ठेवला.

"साहेब, ते मी नाही भरले."

"मग कुणी भरले?"

"हिने. मी बुडवले."

तो शब्द बापाच्या तोंडून 'नाही'शिवाय दर्शनाने कधी ऐकला नव्हता.

"हिचं आधार घेतलं मी. हिला विचारलं नाही. फ्रिज आणला आणि हप्ता काय दिलाच नाही. वसुलीवाला दारात यायचा, आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. मग हिची आई रडायची आणि ही कुठून कुठून आणून भरायची. मी एक पण नाही भरला. मी सगळे बुडवले."

तो हे अडखळत बोलला असता तर हवालदाराने त्याला पुन्हा हाकललं असतं. पण जगन अडखळला नाही. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता आणि पाठ केल्यासारखं बोलत होता. रात्रभर पाठच केलं असावं त्याने. घरात पाठांतराची दुसरी पिढी होती ही.

हवालदाराने त्याच्याकडे बघितलं. मग दर्शनाकडे.

"खरंय का गं हे?"

जगन तिच्याकडे बघत नव्हता. रबर अंगठ्याभोवती गुंडाळत होता. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं.

"हो," दर्शना म्हणाली.

उत्तर द्यायला तिने जराही उशीर केला नाही.

हवालदाराने सुस्कारा टाकला आणि कीबोर्ड पुढे ओढला. "गुन्हा दाखल करायचा की नाही ते साहेब ठरवतील. मी तक्रार घेतो, शिक्का मारून पोच देतो. बस खाली. आरोपीचं पूर्ण नाव?"

"जगन भिकाजी शेजवळ."

एक बोट अक्षर शोधत फिरू लागलं. जगन खुर्चीत पुढे सरकला. स्क्रीनवर उमटणारं आपलं नाव तो ओठ हलवत वाचत होता.

"साहेब, एक मिनिट."

"आता काय? पलटताय?"

"नाही, नाही. आडनाव. ल पडलाय तुमच्याकडून. शेजवळ आहे."

"राहू दे हो. कळतं माणसाला."

"माणसाला कळतं. बँकेला नाही कळत. एका अक्षरासाठी परत पाठवतील पोरीला." त्याने टेबलावर बोटाने अक्षर काढून दाखवलं. "ळ. बाळाचा ळ."

हवालदार कीबोर्डवर वाकून ळ शोधायला लागला. त्याला सापडेना. दर्शना उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली आणि तिने कळ दाखवली.